कुंडीचा रंग आतून सुटतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्याच्या बाल्कनीतल्या मातीच्या कुंड्या मार्चमध्ये ॲक्रिलिक रंगांनी रंगवल्या, वरून वार्निशचे दोन हात दिले. दोन-तीन महिने दृष्ट लागावी अशा दिसल्या. जुलैत बुडाकडे फुगे आले, गणपतीपर्यंत पोपडे सुटले आणि पोपड्याखाली पांढरी पूड निघाली. आता दिवाळीच्या आत त्याच कुंड्या परत रंगवायच्या आहेत, तर रंग कुठला घ्यावा आणि पक्कं वॉटरप्रूफ वार्निश कुठलं? कुंड्यांत तुळस, मोगरा, कोरफड आणि एका मोठ्या कुंडीत कढीपत्ता आहे.

वार्निशचं आधी सांगतो, कारण सगळ्यांचा हात तिकडेच जातो. तुमचा रंग बहुतेक ठीकच होता आणि वार्निशही. बाहेरच्या पावसानं रंग धुऊन नेलेला नाही. तसं असतं तर तो वरून, काठाकडून गेला असता, जिथे पाऊस थेट लागतो. तुमचा रंग बुडाकडून उठला, फुगून उठला आणि मागे पांढरी पूड ठेवून गेला. म्हणजे त्याला आतल्या पाण्यानं ढकललं. वार्निश जितकं पक्कं तितका हा धक्का मोठा.

आपल्याकडच्या लाल कुंड्या साधारण ९०० ते १,००० अंश सेल्सिअसला भाजलेल्या असतात, उघड्या आव्यातल्या कित्येकदा त्याहूनही कमी. एवढ्या आचेवर मातीचे कण एकमेकांना धरतात, पण वितळून एकजीव होत नाहीत. मध्ये बारीक वाटा राहतात. माठ ज्या कारणानं पाणी गार करतो, त्याच कारणानं कुंडी आतलं पाणी भिंतीतून बाहेर आणते आणि हवेत सोडते. मुळांना ते मानवतं, म्हणून तर आपण प्लास्टिक सोडून मातीची कुंडी घेतो. आता या भिंतीवर बाहेरून रंगाचा पापुद्रा चढवला की पाणी त्याच्या पाठीशी येऊन थांबतं. ॲक्रिलिकच्या पापुद्र्यातून थोडी वाफ निसटते, पण वार्निशचे दोन हात दिल्यावर तीही वाट जवळजवळ बंद होते. ऑइलपेंटमध्ये ती जवळजवळ नसतेच.

नुसतं पाणी असतं तरी एक वेळ निभावलं असतं. पाण्याबरोबर क्षारही येतात. बोअरच्या पाण्यातला चुना, १९:१९:१९ सारख्या विरघळणाऱ्या खतातले क्षार, कधी खुद्द मातीतलेच. बिनरंगी कुंडीवर हे क्षार बाहेरच्या अंगाला पांढरे डाग होऊन बसतात. रंगवलेल्या कुंडीत त्यांचे स्फटिक रंगाच्या मागे तयार होतात आणि वाढता वाढता पापुद्रा उचलतात. जुन्या तळमजल्यावरच्या भिंतीला लोणा लागतो तो हाच. तुमच्या पोपड्याखालची पूड म्हणजे लोणा. तिला बुरशी समजून औषध मारू नका.

मग मार्चपासून मेपर्यंत काही का झालं नाही? उन्हाळ्यात तुम्ही घातलेलं पाणी झाड आणि ऊन मिळून संपवत होते. भिंत रोज निदान काही तास सुकत होती. जुलैत माती सतत ओली, हवेत दमटपणा, भिंतीला सुकायला उसंतच नाही. आणि पाणी खाली साचतं, शिवाय कुंडी ताटलीत बसलेली, म्हणून सुरुवात बुडाकडून.

तेव्हा नक्षीच्या आधी एक गोष्ट ठरवायची: या कुंडीतलं पाणी कुठून बाहेर जाणार? माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी ब्रश हातात द्यायच्या आधी हे विचारतो. उत्तरं फार नाहीत. वाट मोकळी ठेवायची, म्हणजे गेरू आणि चुन्यासारखे श्वास घेणारे रंग लावायचे. किंवा जिथे ओल कमी, तेवढाच भाग रंगवायचा. किंवा भिंत आतून बंद करायची आणि झाडाला त्याची सवय लावायची. किंवा पाणी भिंतीला लागूच द्यायचं नाही. तुमच्या चार झाडांना उत्तरंही वेगवेगळी निघतात.

मोगऱ्यापासून सुरू करू. त्याला फुलायच्या दिवसांत पाणी भरपूर लागतं, म्हणजे भिंत कायम ओली. अशा कुंडीचा फक्त वरचा तिसरा हिस्सा रंगवा: काठ, काठाखालची पट्टी आणि आतल्या अंगानं माती जिथे सुरू होते तिथपर्यंतची इंच-दीड इंच जागा. ही आतली जागा विसरू नका, तिथूनच ओल काठाच्या रंगामागे शिरते. खालचा भाग लालच राहू द्या. पाणी तिथून जात राहतं आणि वरचा रंग टिकतो. दिसायला अर्धवट वाटेल अशी भीती असते, पण लाल मातीवर पांढरी किंवा निळी पट्टी सबंध रंगवलेल्या कुंडीपेक्षा जास्त खुलते असं माझं मत आहे. सबंध कुंडी चकचकीत पिवळी करून तिच्यावर फुलपाखरं काढलेली बघितली की मला मातीची कीव येते. असो.

कोरफडीला पाणी कमी आणि भिंत कोरडी, त्यामुळे इथे रंग सगळ्यांत जास्त टिकतो. सबंध कुंडी रंगवायची हौस असेल तर ती इथे फेडा. वार्निश मात्र नको. कोरफडीची मुळं सडतात ती माती सुकत नाही म्हणून, आणि वार्निश भिंतीतून होणारं सुकणं बंद करतं. आतून तर काहीच लावू नका.

कढीपत्त्याची कुंडी मोठी आणि जड, रोज पाणी मागणारी. मी ती रंगवणार नाही. रंगवायचीच तर एक मोठी रिकामी कुंडी विकत घ्या, तिला आतून-बाहेरून हवं ते करा आणि कढीपत्ता प्लास्टिकच्या कुंडीत लावून ती आत ठेवा. दोन्हींच्या मध्ये बोटभर फट हवी आणि खाली विटेचे तुकडे, म्हणजे आतली कुंडी साचलेल्या पाण्यात बसणार नाही. हॉटेलांच्या दारातल्या रंगीत कुंड्या वर्षानुवर्षं तशाच दिसतात, त्यातल्या पुष्कळ अशा दुहेरी असतात. पावसाळ्यात फटीतलं पाणी ओतून टाकायचं, नाहीतर डासांना घर मिळतं.

आतून बंद करण्याचा मार्ग तुमच्या कुठल्याच झाडाला मी सुचवत नाही, पण तो आहे. टाकीला किंवा गच्चीला लावतात तसं ॲक्रिलिक वॉटरप्रूफिंग आतून दोन हात, एक उभा आणि एक आडवा, भोकाच्या कडेसकट. मग बाहेर काय वाटेल ते रंगवा, टिकतं. पण कुंडी आता प्लास्टिकची झाली असं समजून वागायचं. पाणी कमी घालायचं, मातीत जाड वाळू किंवा विटेचा चुरा वाढवायचा, आणि बोट दोन पेरं आत घालून ओल बघितल्याशिवाय पाणी द्यायचं नाही. मनीप्लांट, सिंगोनियमसारखी झाडं हे चालवून घेतात.

तुळशीचं शेवटी सांगतो, तिचं काम वेगळं आणि मजेचं आहे.

आधी जुन्या कुंड्यांची तयारी. या कामातला खरा वेळ इथे जातो, आणि नेमका इथेच सगळे कंटाळतात. पोपडे पत्र्याच्या पट्टीनं खरवडा. चिकटून राहिलेल्या रंगावर गरम पाणी ओता, ॲक्रिलिक मऊ पडतं आणि तारेच्या ब्रशनं निघतं. लोणा मात्र आधी कोरड्या ब्रशनं झाडायचा. लगेच पाणी मारलंत तर तो विरघळून परत भिंतीत शिरतो आणि पुढच्या वर्षी भेटतो. झाडून झाल्यावर कुंडी बादलीत पूर्ण बुडवून ठेवा, दोन-तीन दिवस, रोज पाणी बदलून. क्षार बरेचसे तिथेच सुटतात. त्यानंतरही पांढरे टणक डाग राहिले तर एका डागावर व्हिनेगरचा थेंब टाका. फेस आला तर तो चुना आहे. १ भाग व्हिनेगर आणि ३ भाग पाण्यात अर्धा तास ठेवून काथ्यानं घासा आणि मग साध्या पाण्यात पुन्हा एक दिवस बुडवा. संडास धुवायचं ॲसिड वापरू नका. डाग जातात खरे, पण ते चुन्याशी मिळून नवेच क्षार भिंतीत सोडतं.

घासताना कुंडीला एक टिचकी मारून बघा. खणखणीत वाजली तर नीट भाजलेली. बद वाजली तर कच्ची किंवा तडा गेलेली. तिच्यावर रंगाचे कष्ट करू नका, तिच्यात कोथिंबीर पेरा.

नव्या कुंड्या घेणार असाल तर एक बघा. कुंभारवाड्यात किंवा रस्त्याकडेला मिळणाऱ्या बऱ्याच कुंड्यांवर विक्रीच्या आधी लाल रंगाचा हात फिरवलेला असतो. ओलं बोट घासलं की बोट लाल होतं. त्या सुट्या थरावर तुमचा रंग चढवलात तर तो थर निघेल तेव्हा तुमचा रंगही घेऊन जाईल. काथ्यानं घासून तो आधी काढा. थेंबभर पाणी टाकल्यावर ते पटकन शोषलं गेलं तर समजा खरी माती लागली.

आता सुकवणं. 'उन्हात दोन दिवस ठेवली, सुकली' हा सगळ्यांत मोठा भ्रम. वरून कोरडी दिसणारी भिंत पोटात ओली असते. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, कुंडी रोज एकाच वेळी तोला आणि खडूनं वजन तिच्या बुडावर लिहा. लागोपाठ दोन दिवस वजन उतरलं नाही की ती सुकली. ऑक्टोबरच्या उन्हात तीन-चार दिवसांत काम होतं, दमट हवेत आठवडा लागतो. वजनकाटा नसेल तर प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी टेपनं चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून घाम आला असेल तर थांबा.

सुकल्यावर १२० नंबरचा पॉलिशपेपर हलक्या हातानं फिरवा, कोरड्या ब्रशनं धूळ झाडा. फडक्यानं पुसू नका, धूळ छिद्रांत बसते.

रंगांबद्दल थोडंच. छोट्या ट्यूब किंवा बाटल्यांतल्या कलेच्या ॲक्रिलिकनं सबंध कुंडी रंगवणं महागात पडतं. बाहेरच्या भिंतीचा पांढरा एक्स्टिरिअर इमल्शन १ लिटर आणा. ८ इंची कुंडीचं बाहेरचं अंग जेमतेम १ चौरस फूट भरतं, दोन हातांना २० ते २५ मिलिलिटर रंग पुरतो, म्हणजे एका डब्यात सोसायटीतल्या सगळ्यांच्या कुंड्या होतील. त्यात स्टेनरच्या छोट्या बाटलीतले थेंब घालून फिके रंग घरी बनवता येतात. गडद रंग असे होत नाहीत. स्टेनर जास्त घातला तर रंग वाळत नाही, हाताला लागत राहतो. गडद हवे असतील तेवढ्यापुरत्या कलेच्या बाटल्या घ्या. पोस्टर कलर बाहेर चालत नाही. त्यात सुतारकामाचा पांढरा गोंद मिसळून 'पक्का' करण्याची जी युक्ती सगळीकडे फिरते आहे ती घराच्या आतल्या शोभेच्या कुंडीपुरती ठीक. तो गोंद ओलीत परत मऊ होतो आणि दुधी दिसतो.

पहिला हात पाणी घालून पातळ करायचा, साधारण ४ भाग रंगाला १ भाग पाणी, म्हणजे तो छिद्रांत शिरतो. पुढचा हात चार तासांनी. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रंगवून झाल्यावर झाड लावायची घाई नको. हाताला कोरडा लागणारा ॲक्रिलिक आतून पक्का व्हायला ७ ते १० दिवस घेतो, आणि त्या दिवसांत त्याला मागून पाणी लागता कामा नये. तुम्हाला दिवाळीच्या आत काम हवं आहे, म्हणून हे दिवस आधी धरून उलटं मोजा. बुडवणं, सुकवणं, रंग आणि पक्का होणं मिळून तीन आठवडे जातात.

घरात पडलेल्या जुन्या ऑइलपेंटच्या डब्यांबद्दलही सांगून ठेवतो. २०१६ च्या नियमांनुसार भारतात घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत असावं लागतं आणि हे नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहेत. त्याआधीचे डबे, विशेषतः पिवळे, केशरी, लाल, कढीपत्ता-कोथिंबिरीच्या कुंडीला लावू नका. खरवडलेले जुने पोपडेही मातीत किंवा खतात टाकू नका.

आणि पश्चिमेच्या बाल्कनीत काळा, गडद निळा, चॉकलेटी नको. बिनरंगी माती स्वतःला ओलीनं गार ठेवते. रंगवल्यावर ते गार होणं कमी होतं आणि गडद रंग वरून आणखी ऊन पितो. तुमच्या ठाण्यात एक वेळ चालेल, पण नागपूर-चंद्रपूरकडे मेमध्ये अशा कुंडीच्या भिंतीला टेकलेली मुळं भाजतात. तिकडच्या मंडळींनी पांढरा किंवा चुनाच लावावा.

नक्षीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तुम्ही पाठवलेल्या फोटोत अर्धवट राहिलेली वारली दिसते आहे, म्हणून सांगतो. कुंडी ही निमुळती भिंत आहे, कागद नाही. कागदावर जुळणारी नक्षी इथे खाली गेल्यावर गर्दी करते. काठाभोवती कागदाची पट्टी गुंडाळून कापा, ती दुमडत जाऊन १६ भाग करा, खुणा काठावर घ्या. बुडासाठी वेगळी पट्टी, तेवढेच भाग. दोन्हीकडच्या खुणा खडूनं जोडल्या की उभ्या रेषा आपोआप खाली जवळ येतात आणि त्यात काढलेलं सगळं प्रमाणात बसतं. आडव्या रेषेसाठी रुंद रबरबँड चढवा आणि त्याच्या कडेनं खडू फिरवा. पेन्सिल नको, फिक्या रंगातून ती डोकावते. मास्किंग टेप निमुळत्या अंगावर सबंध गोल बसत नाही, सुरकुत्या पडतात. दोन-दोन इंचाचे तुकडे एकावर एक कड चढवत लावा. टेपच्या कडेवर आधी खालचाच रंग पातळसा फिरवा आणि मग वरचा रंग द्या, म्हणजे वरचा आत झिरपत नाही. रंग अर्धवट ओला असतानाच टेप ओढा.

वारलीसाठी तर लाल कुंडी आयती तयार भिंत आहे. पालघरकडच्या वारली घरांत गेरू किंवा शेणानं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या लेपानं चित्रं काढली जात. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नासाठी भिंतीवर काढायचं चौकोनी चित्र, सवाशिणी काढत. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागद आणि कापडावर नेली आणि जगभर पोचवली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. कुंडीवर तांदळाचं पीठ टिकणार नाही. मुंग्या खातील, पाऊस धुवेल. पांढरा ॲक्रिलिकच घ्या, पण हत्यार मात्र जुनंच वापरून बघा: बांबूची बारीक काडी, टोक ठेचून किंवा चावून मऊ केलेलं. ब्रशची रेघ फार गुळगुळीत येते. काडीची रेघ मध्येच जाड, मध्येच विरळ येते आणि तीच वारलीला शोभते.

माणूस म्हणजे टोकाला टोक जुळवलेले दोन त्रिकोण. वरचा त्रिकोण रुंद ठेवला की माणूस चालायला लागतो, दोन्ही सारखे ठेवले की नुसता उभा राहतो. तारपा नावाच्या फुंकवाद्यावर चालणाऱ्या नाचाचा फिरत जाणारा गोल सगळ्यांना काढायचा असतो, पण कुंडीच्या एका बाजूला तो अर्धाच दिसतो आणि वाकलेल्या भिंतीवर लांबट होतो. त्यापेक्षा काठाखालच्या पट्टीत ओळ फिरवा: शेताला निघालेली माणसं, बैल, डोक्यावर भारा घेतलेली बाई, मध्ये एखादं झाड. कुंडी फिरवत जाल तसतशी गोष्ट पुढे जाते. लग्नाचा चौक मात्र मी कुंडीवर काढत नाही. तो ज्या प्रसंगाचा आहे तिथेच बरा. हे माझं मत, सक्ती नाही. चित्र काढताना कुंडी एका डब्यावर पालथी ठेवा आणि हाताऐवजी डबा फिरवा, रेघ न तुटता जाते.

आता तुळस. तिला उपटायचं नाही, तिची कुंडी बदलायची नाही, आणि तुळशीचं लग्न दिवाळीनंतर कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत. त्यामुळे तुमच्याकडे इतर कुंड्यांपेक्षा दहा-बारा दिवस जास्त आहेत. वृंदावनाला दरवर्षी गेरू आणि चुना लावायची जी पद्धत आपल्याकडे आहे, ती पाण्याच्या हिशेबानं अगदी बरोबर आहे. हे दोन्ही रंग पापुद्रा धरत नाहीत. भिंत श्वास घेत राहते, क्षार आरपार बाहेर येतात, फार तर पुसले जातात. रंग उडतो तो हळूहळू झिजून, फुगून नाही.

गेरू म्हणजे लोहाच्या ऑक्साइडची लाल माती. कोकणात तिला काव म्हणतात. पूजेच्या सामानाच्या दुकानात खडे मिळतात, काही ठिकाणी पूड. खडे रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी कालवून जुन्या सुती कापडातून गाळा. खाली राहिलेली खर वापरू नका, ती ब्रशला ओरखडे पाडते. नुसता गेरू पहिल्या पावसात वाहतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कपड्याला लागतो, म्हणून त्याला थोडा बांध हवा. पूर्वी डिंक घालत, पण उघड्यावर डिंकही विरघळतो. वाटीभर गाळलेल्या दाट गेरूला दोन मोठे चमचे ॲक्रिलिक मीडियम पुरे, ते चित्रकलेच्या दुकानात मिळतं. त्याहून जास्त घातलंत तर पुन्हा पापुद्राच तयार होईल. वाळल्यावर ओलं बोट घासून बघा. बोटाला किंचित लाली यावी, ओघळ येऊ नये. एवढं जमलं की प्रमाण बरोबर.

चुन्यासाठी एक बजावतो. कळीचा चुना घरी विरवायला घेऊ नका. पाणी पडताच तो उकळतो, उडतो, आणि डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. हार्डवेअरच्या दुकानातून विरलेल्या चुन्याची पूड आणा, हातमोजे घाला, रात्रभर भिजवून गाळून घ्या. कुंडीवर आधी पाणी शिंपडा आणि मग पातळ हात द्या. लावताना तो पाण्यासारखा दिसतो, म्हणून नवशिके थरावर थर चढवतात. दुसऱ्या दिवशी तो पांढराशुभ्र होतो आणि जाड झालेला तडकून गळतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगडासारखा घट्ट होतो, म्हणून पहिले काही दिवस त्याच्यावर दिवसातून एकदा पाण्याचा फवारा मारला तर जास्त टिकतो.

नुसत्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांवर समाधान नसेल तर गोवा आणि तळकोकणातल्या देवळांच्या भिंतींवरची कावी आठवा. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल मातीचा पातळ थर आणि तो टोकदार हत्यारानं खरवडून खालच्या पांढऱ्यातून उमटवलेली वेलबुट्टी. कुंडीवर त्याची धाकटी आवृत्ती छान जमते. चुन्याचे दोन हात देऊन ते चार-पाच दिवस वाळू द्या. मग वरून गेरूचा एकच पातळ हात. गेरू हाताला चिकटेनासा झाला, पण अजून गडद ओलसर दिसतो आहे, त्या अर्ध्या-पाऊण तासात कंपासच्या टोकानं किंवा जाड दाभणानं खरवडा. लवकर खरवडलं तर कड चिखलासारखी ओढली जाते, उशीर झाला तर रेघेच्या बाजूचे कपचे उडतात. हात बसेपर्यंत मोठी, मोकळी नक्षी घ्या: कमळ, शंख, पानांची साखळी. इथे चूक पुसता येत नाही, पण त्यावर गेरूचा हात फिरवून पुन्हा खरवडता येतं, आणि माझ्या मते हा सगळ्या प्रकारांतला सगळ्यांत समाधानाचा प्रकार आहे.

झाड आत असताना रंगवायचं म्हणून दोन दिवस आधी पाणी थोडं कमी करा, पूर्ण तोडू नका. मातीवर आणि खोडाभोवती वर्तमानपत्र पसरा. चुना मुळाशी सांडला तर माती तेवढी काढून टाका. काठाच्या आतल्या अंगाला चुना लावू नका, तिथे गेरूच ठेवा. आणि बुडाखालची ताटली काढून तीन फरशीचे तुकडे द्या, खालून वारा लागला पाहिजे. खालच्या मजल्यावर पाणी गळायची तक्रार येत असेल तर ताटली ठेवा, पण कुंडी तिच्यात टेकवू नका, तुकड्यांवरच ठेवा, आणि साचलेलं पाणी संध्याकाळी ओता.

पुढच्या कार्तिकात हे सगळं परत खरवडावं लागणार नाही. कोरड्या ब्रशनं लोणा झाडायचा, ओल्या फडक्यानं पुसायचं आणि वर गेरूचा एक हात.